ट्रेकच्या सॅकेत टिकणारं मटण: घ्यायचं कोणतं आणि विकायचं कोणतं



या विषयावरचा व्हिडिओ नऊ मिनिटांचा आहे. त्यात एक गोष्ट मी घाईघाईत सांगून पुढे गेलो. ती इथे सविस्तर लिहितो, कारण त्यात चूक माझी होती.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी माझा पुतण्या आणि त्याचे चार मित्र पन्हाळा ते पावनखिंड चालायला निघाले. गोंदियाहून कोल्हापूरला थेट महाराष्ट्र एक्स्प्रेस जाते. सकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर. पोरांनी सोबत काय घेतलं, तर मटण सुक्का. घरी शिजवलेलं, मसाल्यात परतलेलं, व्हॅक्युम मशीनने पिशवीत सील केलेलं. आपल्याच प्रशिक्षणात शिकलेल्या एका ताईंच्या बचत गटाचा माल होता. पिशवी दिसायला एकदम कंपनीसारखी, वर छान स्टिकर, आणि स्टिकरवर ‘३० दिवस टिकते’.

भुसावळ गेल्यावर रात्रीच्या जेवणाला पोरांनी सॅक उघडली. मटणाला चिकटून बसलेली पिशवी उशीसारखी फुगली होती. माल बनवून जेमतेम पाच दिवस झाले होते.

एक जण म्हणाला, वास तर मसाल्याचाच येतोय, खाऊन टाकू. नशीब, पुतण्याने मला फोन लावला. मी म्हटलं, चाखूसुद्धा नको, आहे तशी पिशवीत बांधून फेकून दे. पोरं त्या रात्री चिवडा खाऊन झोपली. कुणाला काही झालं नाही. मला मात्र झोप लागली नाही, कारण ‘व्हॅक्युम करा, माल टिकतो’ हे वाक्य त्या ताईंना प्रशिक्षणात मीच सांगितलं होतं. मी पापड आणि मसाल्यांबद्दल बोलत होतो, त्यांनी ते मटणाला लावलं. मी ‘कोणता माल’ हे सांगितलंच नाही, तर त्यांनी काय समजायचं होतं?

वरून त्यांना पुण्याच्या एका ट्रेक ग्रुपची दोनशे पाकिटांची ऑर्डर आली होती. मशीन गटाच्या कर्जातून घेतलेली, पहिले दोन हप्ते फेडलेले. अशा माणसाला ‘हा माल विकू नका’ म्हणून सांगायला जाणं किती जड जातं, ते तुम्हाला सांगायला नको. पण गेलो. त्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बसून जे बोललो, तेच आता तुमच्याशी बोलतो.

धान खरेदी केंद्रावरचं मीटर आठवा

आपल्या जिल्ह्यात ओलावा म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. धान केंद्रावर नेलं की आधी मीटर लागतं. १७ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की गाडी परत, वाळवून आणा. का? ओलं धान पोत्यात गरम होतं, बुरशी धरतं, कुजतं. तेच धान नीट वाळलेलं असलं की वर्षभर कोठीत पडून राहतं. जंतूला जगायला पाणी लागतं. पाणी काढून घ्या, जंतू उपाशी.

मटणाचंही तसंच आहे. ताज्या मटणात चार भागांपैकी जवळपास तीन भाग पाणी. शिजवून परतलं की थोडं कमी होतं, पण सुक्का हा नावालाच सुक्का. बोटाने दाबा, रस सुटतो. म्हणजे मीटरच्या भाषेत ही गाडी परत जायला हवी होती.

यात थोडी बारकाई आहे. अन्नशास्त्रात नुसतं ‘किती टक्के पाणी’ बघत नाहीत. त्यातलं किती पाणी जंतूंच्या हाती लागेल असं मोकळं आहे, ते बघतात. शुद्ध पाण्याला १ धरतात. ताजं मटण ०.९९ च्या आसपास असतं. हा आकडा ०.८५ च्या खाली गेला की माणसाला आजारी पाडणारे जंतू वाढत नाहीत. बुरशी मात्र चिवट, ती त्याच्याही खाली तग धरते. ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. मीठ आणि साखर पाणी बांधून ठेवतात. म्हणून खारवलेला मासा थोडा ओलसर असूनही टिकतो.

पाणी काढणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग आंबटपणा. मोजपट्टीवर पीएच ४.६ च्या खाली गेला की सगळ्यात घातक जंतू वाढत नाही. तिसरा मार्ग उष्णता, म्हणजे सीलबंद करून मग प्रचंड तापमानाला शिजवणं. सॅकेत नेता येणारं कोणतंही मांस घ्या, सुका बोंबील असो, गोव्याचं चोरीस असो की डबाबंद ट्यूना, ते या तीनपैकी एका किंवा दोन मार्गांनी टिकलेलं असतं. चोरीसमध्ये मीठ, व्हिनेगर आणि धूर, तिन्ही लागतात. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या दोरीवर उन्हात वाळवून चान्या करतात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात त्या सगळ्या स्वयंपाकाची नोंद आहे. परदेशी लोक ‘जर्की’ म्हणून महागडं पाकीट विकतात, त्याच्या मुळाशी हेच आहे.

या यादीत व्हॅक्युम कुठेच नाही, हे लक्षात आलं का?

हवा काढली म्हणजे काय झालं?

व्हॅक्युम म्हणजे फक्त हवा काढणं. पाणी तिथेच राहतं. हवा गेल्याने बुरशी आणि वास सोडणारे पुष्कळ जंतू थांबतात. म्हणजे जे आपल्याला नाकाने सावध करतात, तेच गेले. आणि हवा नसतानाच वाढणारा एक जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू मातीत असतात, मसाल्यात असतात, लसणाला चिकटून येतात. पाण्याच्या उकळीला ते मरत नाहीत. शिजवलेलं ओलसर मटण, हवा नाही, आंबटपणा नाही आणि जूनमधलं गोंदियाचं घर, एवढं मिळालं की त्याची चैन. त्याचं विष मज्जासंस्थेवर जातं, माणूस दगावू शकतो, आणि बऱ्याचदा वास किंवा चव बदललेली नसते. फुगलेली पिशवी हे नशीब म्हणायचं. ती निदान बोलली तरी. न फुगलेली पिशवी जास्त भीतीदायक.

ताईंनी लगेच विचारलं, ‘सर, मग दुकानात रेडी टू ईट मटण मिळते ते?’

बरोबर प्रश्न. ते रिटॉर्ट पाऊच. आधी अन्न भरून सील करतात आणि मग बंद पाऊच दाबाखाली तापवतात. हिशोब असा, की पाऊचच्या अगदी मधल्या, सगळ्यात उशिरा तापणाऱ्या जागी १२१ अंश सेल्सिअसला निदान ३ मिनिटं धरल्याइतका परिणाम झाला पाहिजे. आपल्याकडे सैन्यासाठी हे तंत्र म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलं. ही संस्था १९६१ सालची. जवानाच्या पाठीवरचं वजन आणि ट्रेकवाल्याच्या पाठीवरचं वजन, प्रश्न एकच.

घरच्या कुकरला शिट्टी येते तेव्हा आतही साधारण १२० अंश असतात, मग कुकरमध्येच पाऊच ठेवले तर? नाही. पाऊचच्या मध्यभागी उष्णता कधी पोचली ते तुम्हाला दिसत नाही. कुकर थंड होताना बाहेरचा दाब उतरतो आणि आतल्या वाफेने सील सुटतं. प्रत्येक पदार्थाचा वेळ वेगळा, ग्रेव्ही पातळ की घट्ट यावरही बदलतो, आणि तो पाऊचच्या आत तापमान मोजणारी तार घालून ठरवावा लागतो. हे करायचंच असेल तर रिटॉर्ट असलेल्या युनिटकडून जॉबवर्क करून घ्या. बचत गटाच्या ओट्यावर हे होत नाही. इथे ‘प्रयत्न करून बघू’ चालत नाही हो.

मग आपल्याकडे आहे काय?

मशीन परत घेणार कोण, हप्ता भरणार कोण, या चिंतेत ताई गप्प बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई आतून एक गंज घेऊन आल्या. त्यात सुके झिंगे. मूठभर काढून त्यांनी माझ्या कानाजवळ हलवले. ‘आयका भाऊ. असे वाजले पायजेत. नाही वाजले त आणखी एक ऊन.’

मी बारा वर्षं लोकांना उद्योग शिकवतो. मोकळ्या पाण्याचा आकडा इतक्या सोप्या भाषेत मला कधी सांगता आला नव्हता.

आपला जिल्हा तलावांचा. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा भातशेतीबरोबर मालगुजारी तलावही वाट्याला आले. नवेगावबांध, इटियाडोह सगळ्यांना माहीत आहेत. पण गावोगावचे लहान तलाव हीच खरी ढिवर समाजाची भाकर. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर बायकांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या, त्याने स्थानिक मासे परत येऊ लागले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने ते काम झालं. उन्हाळ्यात तलाव आटायला लागले की मासोळी एकदम निघते. भाव पडतो. जे ताजं खपत नाही ते वाळतं. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. ऊन फुकट, कोरडी हवा फुकट. पापड-कुरड्यांच्या वाळवणाशेजारी मासोळीचं वाळवण आपण पिढ्यान्‌पिढ्या घालत आलो. फक्त त्याला ‘ट्रेक फूड’ म्हणायचं आपल्याला सुचलं नाही.

आणि ट्रेकवाले सह्याद्रीत गर्दी कधी करतात? जून ते सप्टेंबर. मेमध्ये वाळवा, जुलैत विका. असा सीझन जुळून येणं दुर्मीळ असतं. एक अडचण आहे, तिच्याकडे पुढे येतो.

सॅकवाल्याच्या जागी उभे राहा

विकायच्या आधी गिऱ्हाईक कसं निवडतं ते बघा. त्याचे प्रश्न तीन: किती जड, चूल लागेल का, आणि कोणत्या दिवशी खायचं.

एका रात्रीचा ट्रेक असेल तर त्याला तुमची गरजच नाही. उकडलेली अंडी सालासकट न्यावीत आणि पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत संपवावीत. बास. हे गिऱ्हाइकाला खरं सांगा, तो पुढच्या वेळी परत येतो.

दोन-चार दिवस, आणि सोबत गॅसचा छोटा स्टोव्ह असेल तर सुकी मासळी. सोडे, सुकट, बोंबील, आपले झिंगे. शंभर ग्रॅम नीट वाळलेल्या मासळीत साधारण ६० ग्रॅम प्रथिनं असतात, ताज्या मटणाच्या तिप्पट. खिचडी शिजताना मूठभर टाकायची. पण तिला आधी भाजणं-धुणं आणि नंतर पूर्ण शिजवणं लागतंच. उन्हात वाळल्याने ती शिजत नाही.

चूल नसेल तर दोन पर्याय: शिजवून वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्या, किंवा झिंग्यांची कोरडी चटणी. डबाबंद ट्यूना तिसरा, पण डब्याचं वजन जाताना भरलेलं आणि येताना रिकामं, दोन्ही वेळा तुमच्याच पाठीवर.

मटणाचं किंवा चिकनचं लोणचं? लोक ‘तेलात बुडालं की टिकतं’ म्हणतात. तेलही हवाच अडवतं, म्हणजे पुन्हा व्हॅक्युमचीच गोष्ट. लोणचं टिकतं ते तुकडे पाणी जाईपर्यंत तळल्याने आणि लिंबू-व्हिनेगरने. तुकड्यासकट वाटून पीएच मोजला आणि तो ४.६ च्या चांगलाच खाली आला, तरच विका. शिवाय सॅकेत बाटली फुटली की झोपायच्या पिशवीला महिनाभर लोणच्याचा वास. ट्रेकवाला ते एकदाच घेतो.

एक प्रामाणिक गोष्ट. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आणि त्या स्वस्त आहेत. फक्त ताकदीसाठी म्हणाल तर सोयाच जिंकतो. माणूस मटण आणि झिंगे घेतो ते जिभेसाठी. पावसात भिजून आलेल्या माणसाला दुसऱ्या रात्री खिचडीत घरची चव पाहिजे असते. तुम्ही ती विकताय. पाकिटावर आधी चव लिहा, प्रथिनं नंतर.

मटणाच्या पट्ट्या करायच्याच असतील तर

चरबी नसलेला, बिनहाडाचा मांडीचा भाग घ्या. चरबी वाळत नाही, ती खवट होते, आणि उन्हात सॅकमध्ये वितळून पिशवी तेलकट करते. मांस फ्रीजरमध्ये थोडं कडक करून घ्या, म्हणजे पाच-सहा मिलिमीटरच्या सारख्या पट्ट्या पडतात. मीठ, मिरची, आलं-लसणाचा रस लावून रात्रभर फ्रीजमध्ये.

आता महत्त्वाचं. वाळवायच्या आधी पट्ट्या शिजल्या पाहिजेत. मटणाचं आतलं तापमान ७१ अंश, चिकनचं ७४. काट्याचा थर्मामीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका. कच्चं मांस मंद आचेवर वाळवलं तर काही जंतू त्या कोरड्या उष्णतेत मरायच्या ऐवजी टिकून राहतात. मग ५५ ते ६० अंशाला ड्रायरमध्ये. पट्टी वाकवली की तिला तडे गेले पाहिजेत, पण तुटायला नको. मटण उघड्यावर, माश्यांत, नुसत्या उन्हावर वाळवून विकायचं नाही. घरी खाताना आजी करायची, मान्य आहे, पण आजी स्टिकर लावून पुण्याला पाठवत नव्हती.

अशी घरगुती पट्टी एक ते दोन महिने धरा, जास्त लिहू नका. आणि व्हॅक्युम मशीन? ती इथे लागते! कोरड्या मालाला व्हॅक्युम उत्तम, कारण आता वाढायला पाणीच नाही आणि हवा गेल्याने चरबी खवट होणं लांबतं. ताईंचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा इथे खुलला.

आता वहीत आकडे मांडू

हे भाव मी समजण्यासाठी धरलेत. तुमच्या बाजाराचे भाव घालून पुन्हा मांडा.

बिनहाडाचं मटण १००० रुपये किलो धरलं, तर वाळून साधारण ३३० ग्रॅम राहतं. ५० ग्रॅमच्या पाकिटात १५० ग्रॅम कच्चं मटण गेलं, म्हणजे १५० रुपये. मसाला, वीज, पिशवी, लेबल २५. मजुरी २५. झाले २००. दुकानदाराचा आणि तुमचा नफा धरून पाकीट २७० च्या खाली परवडत नाही. त्यात प्रथिनं ३० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅमला ९ रुपये.

सुके झिंगे ६०० रुपये किलो धरा. ५० ग्रॅम चटणीत ३० ग्रॅम झिंगे, १८ रुपये. जवस, तीळ, मिरची, वाळवलेला लसूण ७. पिशवी-लेबल ६, मजुरी १०. झाले ४१. ८० ला विका. झिंग्यांतून प्रथिनं १८ ग्रॅम, ग्रॅमला साडेचार रुपयांहून कमी. निम्म्या भावात.

२७० चं पाकीट एखादा हौशी घेतो. ८० चं पाकीट पाच पोरांचा ग्रुप प्रत्येकी एक घेतो. शिवाय मटणात एक बॅच बिघडली तर किलोमागे हजार रुपये पाण्यात जातात, झिंग्यांत सहाशे, आणि तेही वाळलेलेच घेतल्यामुळे बिघडायची शक्यता कमी. मी ताईंना स्पष्ट म्हटलं, दोनशे पाकिटांच्या ऑर्डरला मटण सुक्का देऊ नका. फोन करा, सांगा की माल बदलतोय, आणि का ते पण सांगा.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडचा माणूस पंधरा सेकंद काही बोलला नाही. मग म्हणाला, सॅम्पल पाठवा. दोनशेची ऑर्डर साठवर आली. साठ म्हणजे साठ, तक्रार नाही.

चटणीत एक सावधगिरी. ओला लसूण आणि तेल घालून सील करू नका, आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. लसूण काप करून कडकडीत वाळवा. झिंगे निवडा, डोकी-मिशा काढा, वाळू चाळा. दाताखाली खडा आला की गिऱ्हाईक गेलं. मग मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत भाजा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच भरा. गरम भरलं की पिशवीत वाफ धरते. आणि बाजारातून झिंगे घेताना वास घ्या. काही व्यापारी किड्यासाठी पावडर मारतात. मासळीला मासळीचाच वास आला पाहिजे, औषधाचा आला तर ढिगाकडे बघूही नका. ओळखीच्या ढिवर बाईकडून थेट घेतलं तर तिलाही दोन पैसे जास्त मिळतात.

पावसाळ्याची अडचण

आता ती राहिलेली गोष्ट. मेमध्ये कानाजवळ वाजणारा झिंगा जुलैत सह्याद्रीच्या धुक्यात नेला, तर तो हवेतलं पाणी ओढून मऊ पडतो. म्हणजे तुमचं वाळवण पिशवीतच ओलं होतं. साध्या प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीतून बाष्प हळूहळू आत जातं. अॅल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्या, आत खाण्याच्या दर्जाची सिलिका जेलची पुडी टाका आणि पाकीट लहान ठेवा. मोठं पाकीट उघडलं की उरलेलं भिजतं. एका माणसाच्या एका जेवणाचं एक पाकीट.

पिशवी चांगली आहे की नाही हे घरी कसं कळेल? सोनाराच्या काट्यावर. पाव ग्रॅमही दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. दहा पाकिटं भरा, प्रत्येकावर वजन आणि तारीख लिहा, न्हाणीघराच्या खिडकीत टांगा. दर रविवारी वजन करा. वजन वाढलं म्हणजे पाणी आत गेलं. वाढलं नाही तर पिशवी पास. अंतिम तपासणी मात्र एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच. मोकळ्या पाण्याचा आकडा आणि जंतूंची तपासणी मागा, आणि त्या कागदावरून ‘किती दिवस टिकते’ लिहा. मनाने नाही.

कागदांचं थोडक्यात: एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना फॉसकॉस पोर्टलवरून काढा, उलाढालीनुसार काय लागतं ते तिथेच कळतं. पाकिटावर १४ अंकी क्रमांक, घटक, पोषणमूल्य, बॅच, बनवल्याची आणि वापरायची तारीख, निव्वळ वजन, किंमत, तुमचा पत्ता. मांसाहारी चिन्ह आता तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण आहे, जुना गोल नाही. झिंग्यांसाठी ‘कवचधारी जलचर आहे’ ही सूचना हवीच. त्याची ॲलर्जी असलेला माणूस गडावर असला तर दवाखाना चार तास लांब असतो.

पाकिटाच्या मागच्या बाजूला मी आणखी दोन ओळी लिहायला लावल्या. पहिली, रिकामी पिशवी परत न्या. दुसरी आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाची: ‘रात्री हे पाकीट तंबूत उशाशी ठेवू नका.’ आपल्या जंगलात अस्वलं आहेत, आणि झिंग्यांचा वास माणसापेक्षा त्यांना आधी येतो. नवेगाव-नागझिऱ्यात तर पायी भटकायची परवानगीच नाही, तो व्याघ्र प्रकल्प आहे. पण सालेकसा भागात, हाजरा फॉल आणि कचारगडच्या बाजूला पोरं मुक्कामाला जातात. माघ पौर्णिमेला कचारगडला लाखो लोक पायी चढतात. ती यात्रा आहे, ट्रेक नाही. तिथे तुमचा स्टॉल कसा असावा हे आधी तिथल्या समितीला विचारा.

साठ पाकिटं गेली. पुतण्याला मी यंदा दोन दिली, एक जाड पिशवीतलं, एक साध्या. पन्हाळ्याहून तिसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला, दोन्ही पिशव्या भिजलेल्या दगडावर उघडून ठेवलेल्या. साध्या पिशवीतली चटणी गोळा झाली होती.

ताईंचा व्हॉइस मेसेज काल आला. दहा पाकिटांचा सहावा रविवार झाला. नऊ जशीच्या तशी, एकाचं वजन १.२ ग्रॅमने वाढलं. मागे सासूबाईंचा आवाज होता, ‘त्याचं तोंड नीट चिकटलं नसन.’ मी पिशवी उजेडासमोर धरून बघायला सांगितलं. खरंच, सीलच्या कोपऱ्यात झिंग्याची एक मिशी अडकली होती.

पुढच्या व्हिडिओत सीलिंगच्या पट्टीची सफाई दाखवतो.

भेटू मंगळवारी.